कॉन्व्हेंटमधला सातवीचा डिसेंबर: नव्या पालकांसाठी

आमच्या सोसायटीतल्या दोन घरांतली मुलं यंदा पुण्याच्या कॅम्पातल्या कॉन्व्हेंट शाळेत नव्याने सातवीला गेली आहेत. दिवाळीची सुट्टी संपल्यापासून दोघांच्याही आया मला लिफ्टमध्ये गाठून एकच विचारतात, "डिसेंबरात नक्की असतं तरी काय हो?" मी चौथ्या मजल्यावर उतरते. तेवढ्यात सांगून होण्यासारखं ते नाही, म्हणून लिहून काढलं. आमचे चिरंजीव गेल्या वर्षी सातवीत होते, त्यामुळे सगळं अजून ताजं आहे.

लग्नघरात मधल्या सुनेचं जे होतं, ते डिसेंबरात सातवीचं होतं. पहिली-दुसरीची पोरं गोड दिसतात, त्यांना पऱ्यांचे पंख लावले की झालं. नववी-दहावीवाले बोर्डाचं नाव पुढे करून सुटतात. सातवीचे हात बाक उचलण्याइतके मोठे झालेले असतात, पण तोंड अजून 'नाही' म्हणायला शिकलेलं नसतं. मग ड्रिलला सातवी, कॅरलला, म्हणजे नाताळच्या गाण्यांना, सातवी, नाताळचा गोठा बांधायला सातवी, खुर्च्या मांडायला सातवी. वर युनिट टेस्ट आहेच.

यात पालकांचं काम थोडं आहे. तारखा सांभाळायच्या, पोराच्या पोटाला वेळेवर घालायचं आणि उरलेल्या वेळी हाताची घडी घालून बसायचं. हे शेवटचं मला अजिबात जमलं नव्हतं.

सुरुवात कालनिर्णयपासून

नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी मुलाला शेजारी बसवा, शाळेची डायरी उघडा आणि डिसेंबरच्या सगळ्या तारखा कालनिर्णयच्या पानावर उतरवून काढा. दुधाचा हिशेब लिहितो त्याच्या वर जागा असते. तारखा मुलानेच वाचून सांगायच्या, आपण फक्त लिहायचं. शाळेगणिक थोडं पुढेमागे होतं, पण महिन्याचा साचा बहुतेक ठिकाणी असा असतो: पहिल्या आठवड्यात मार्चपास्ट आणि ड्रिलची तालीम, मग स्पोर्ट्स डे, दुसऱ्या आठवड्यात युनिट टेस्ट किंवा प्रोजेक्ट, तिसऱ्यात ॲन्युअल कॉन्सर्ट, म्हणजे आजीच्या भाषेत गॅदरिंग, आणि सुट्टी लागण्याच्या आदल्या दिवशी नाताळचा कार्यक्रम. सुट्टी साधारण २४ तारखेपासून नवीन वर्ष उजाडेपर्यंत.

प्रत्येक तारखेपुढे त्या दिवशी अंगात काय घालायचं ते लिहा: युनिफॉर्म, हाउसचा, म्हणजे शाळेतल्या आपल्या गटाचा, टी-शर्ट की कलर ड्रेस. डिसेंबरात निम्मी रडारड कपड्यांवरून होते.

आता व्हॉट्सॲप ग्रुप. ग्रुप हवा, पण तो डायरीच्या नंतर. गेल्या वर्षी एका रात्री साडेदहाला कुणीतरी लिहिलं, "उद्या कलर ड्रेस आहे ना?" त्या प्रश्नचिन्हाकडे कुणी पाहिलंच नाही. पाच मिनिटांत अकरा अंगठे पडले आणि सकाळी नऊ पोरं रंगीबेरंगी कपड्यांत ऑफिससमोर रांगेत उभी. त्यात आमचे चिरंजीव, मोरपंखी कुर्त्यात. डायरीत स्वच्छ लिहिलं होतं, हाउस टी-शर्ट. ते त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेलं होतं आणि मी मात्र ग्रुपचं ऐकलं. संध्याकाळी तो फक्त एवढंच म्हणाला, "मी सांगत होतो." त्यानंतर मी ग्रुपवर विचारणं बंद केलं. शंका असली तर पोरालाच दुसऱ्या दिवशी मिसला विचारायला लावायचं.

विचारायचं म्हणजे कुणाला काय म्हणायचं हेही नव्या लोकांना माहीत हवं. शिक्षिका म्हणजे मिस, शिक्षक म्हणजे सर. मुख्याध्यापिका जोगीण असतील तर त्यांना सिस्टर म्हणायचं, मॅडम नाही. धर्मगुरू असतील तर फादर. आमच्या सासूबाई पहिले दोन महिने "शाळेत नर्स कशाला?" असं विचारत होत्या. अर्ज लिहिताना 'रिस्पेक्टेड सिस्टर' एवढं पुरतं. पाल्हाळ नको, तारीख आणि रोल नंबर मात्र हवाच.

आणि नावात 'सेंट' आहे म्हणून शाळा कॅथलिकच असेल असं नाही. पुण्यातल्या बिशप्स आणि सेंट मेरीज अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या, परंपरेतल्या. १८६७ सालची कॅम्पातली सेंट व्हिन्सेंट्स आणि १९६१ सालची पाषाणची लोयोला जेझुइट या कॅथलिक संघाच्या फादरांच्या. बऱ्याच मुलींच्या शाळा वेगवेगळ्या संघांच्या सिस्टर चालवतात. आपली शाळा कुणाची आहे हे डायरीच्या पहिल्या पानावर असतं. ते वाचलं की कोणत्या संताचा सण शाळेत मोठा असणार हे आपोआप कळतं.

तीन आणि आठ तारखेचं काय

३ डिसेंबर हा संत फ्रान्सिस झेवियरचा सण. जेझुइट संघ उभा करणाऱ्या पहिल्या सोबत्यांपैकी तो एक. १५५२ साली याच तारखेला चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर वारला. त्याचं शरीर जुन्या गोव्यातल्या बॉम जेझुस चर्चमध्ये आहे, हे गोव्याला गेलेल्या निम्म्या पुण्याला माहीत असतं. जेझुइट शाळेत त्या दिवशी खास असेंब्ली असू शकते, आणि मंचावर संताची माहिती वाचायला कोण? सातवीच. एका पानाचं वाचन असतं. पाठ करून घेऊ नका. मोठ्याने तीनदा वाचायला लावा, आणि 'झेवियर' व्यवस्थित म्हणायला सांगा, तेवढं बास.

८ डिसेंबर हा येशूच्या आईचा, मारियेचा सण, इमॅक्युलेट कन्सेप्शनचा, म्हणजे ती गर्भात आली तेव्हापासूनच निष्पाप होती या श्रद्धेचा. या तारखेला पुण्याचा स्वतःचा धागा आहे आणि सातवीच्या मुलांनी तो सोडू नये. क्वार्टर गेटजवळचं सिटी चर्च याच नावाने आहे. पेशव्यांच्या सैन्यात गोव्याकडचे ख्रिस्ती लोक होते, त्यांच्या प्रार्थनेसाठी सवाई माधवरावांनी दिलेल्या जागेवर ते १७९२ साली उभं राहिलं. एसएससी बोर्डाच्या सातवीच्या इतिहासात शिवाजी महाराज, स्वराज्य, पुढे पेशवाई हेच चालू असतं. इतिहासाचं प्रोजेक्ट करायचंच आहे तर शनिवारवाड्याची तीच ती प्रिंट चिकटवण्यापेक्षा हा विषय घ्या. बिबवेवाडीहून रिक्षाने वीस-पंचवीस मिनिटांचा रस्ता. आम्ही एका रविवारी दुपारी गेलो, सकाळच्या मिस्सा, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक प्रार्थना, संपल्यावर. चिरंजीवांनी बाहेरून चित्र काढलं, मी बाहेर उसाचा रस प्यायले. प्रोजेक्टला दहापैकी नऊ मिळाले. एक मार्क शुद्धलेखनाचा गेला, पेशव्याच्या 'व्या'मुळे.

प्रार्थना, मिस्सा आणि घरातले प्रश्न

डिसेंबर लागला की घरातल्या कुणाला तरी प्रश्न पडतोच, की हे सगळं आपल्या पोराने करायचं का? मोकळेपणाने बोलून टाकलेलं बरं.

रोजच्या असेंब्लीत प्रार्थना असते. त्याशिवाय कॅथलिक मुलांना कॅटेकिझमचा तास असतो, म्हणजे धर्मशिक्षण. त्याच वेळी बाकीच्यांना मॉरल सायन्स किंवा व्हॅल्यू एज्युकेशन. आपल्या पोराला चुकून दुसऱ्या वर्गात बसवतील ही भीती नको, याद्या केलेल्या असतात. कायद्याचं म्हणाल तर राज्यघटनेच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना स्वतःच्या शाळा चालवायचा हक्क दिलाय, आणि कलम २८(३) सांगतं, की सरकारमान्य शाळेत कुणालाही संमतीशिवाय धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. मूल अठराच्या आतलं असेल तर संमती पालकांची. आक्षेप असेल तर जूनमध्येच चिठ्ठी द्या. गोठ्यात मेंढपाळ झाल्यावर वीस डिसेंबरला तक्रार घेऊन जाण्यात अर्थ नाही. आमच्या घरी हा वाद सासऱ्यांनी एका वाक्यात मिटवला: "गणपतीच्या आरतीला त्याचा मित्र टाळ वाजवत होता ना?"

शाळेच्या मिस्साला सगळ्या वर्गांना नेलं, तर पोराला एवढंच सांगून ठेवा. सगळे उभे राहिले की उभं राहायचं, बसले की बसायचं. गुडघे टेकायची वेळ आली तर शांत बसलं तरी चालतं. कम्युनियनला रांग लागते, त्या रांगेत जायचं नाही. तो प्रसाद कॅथलिक मुलांसाठीच असतो, आणि त्यांनाही पहिल्या कम्युनियनच्या तयारीनंतरच मिळतो. आपण देवळात प्रसादाला हात पुढे करतो, त्या सवयीने आमच्या वर्गातला एक जण रांगेत जाऊन उभा राहिला होता. मागच्या मित्राने सदरा ओढून त्याला बाहेर काढलं.

याच दिवसांत चर्चमध्ये आणि शाळेच्या व्हरांड्यात हिरव्या पानांच्या कड्यावर चार मेणबत्त्या दिसतील. तीन जांभळ्या, एक गुलाबी. नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ, दर रविवारी एक जास्त लावायची. गुलाबी तिसऱ्या रविवारी. पोरं घरी येऊन विचारतात, म्हणून सांगून ठेवलं.

मैदान

स्पोर्ट्स डेच्या तालमीची गंमत अशी, की पुण्यात सकाळी सातला स्वेटरशिवाय दात वाजतात आणि साडेदहाला त्याच मैदानावर डोकं तापतं. पोरं स्वेटर काढून कुंपणावर टाकतात आणि विसरतात. सगळ्यांचे स्वेटर एकाच निळ्या रंगाचे. नाव मार्करने लिहू नका, धुण्यात जातं. कॉलरच्या आतल्या बाजूला दोऱ्याने शिवा. माझ्या आईने फुली टाक्याने आडनाव विणून दिलं होतं. स्वेटर दोनदा हरवून दोनदा परत आला.

कॅनव्हासचे पांढरे बूट आदल्या रात्री पॉलिश लावून खिडकीत वाळत ठेवा. सकाळी घाईत लावलं की ओलं पॉलिश मोज्यांना लागतं, आणि मार्चपास्टमध्ये मोजेच आधी दिसतात. सातवीला ड्रिलमध्ये डंबेल्स नाही तर लेझीम असते. खांदे दुखतात, तीन दिवसांनी आपोआप थांबतात. मुलगा रिझर्व्हमध्ये असला तरी रोज तालमीला पाठवा. कुणीतरी तापाने पडतंच. आमचा रिझर्व्हमधूनच दुसऱ्या रांगेत गेला.

पालकांच्या लिंबू-चमच्याला नाव द्यायचं असेल तर घरून बूट घालून जा. कोल्हापुरी घालून मातीत पळण्याचा अनुभव मी घेतला आहे, तुम्ही घेऊ नका.

गॅदरिंग आणि ड्रेपरी

कॉन्सर्टचे कपडे काही शाळा स्वतःच भाड्याने आणून पैसे गोळा करतात. ते सोयीचं. काही शाळा पालकांवर सोडतात. मग पेठांतल्या ड्रेपरीवाल्यांकडे जावं लागतं. पुण्यातल्या यच्चयावत शाळांची स्नेहसंमेलनं याच महिन्यात, त्यामुळे पहिल्या आठवड्यातच नाव घालून ठेवा. डिपॉझिट रोख लागतं. पावती फोनच्या कव्हरात ठेवा, पर्समध्ये हरवते. कपडे ताब्यात घेताना तिथेच उघडून बघा: बटणं, नाडी, डाग. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कपड्याचा फोटो दाखवून मागा, नुसतं तोंडी सांगू नका.

हे शेवटचं मी कुठे शिकले ते सांगते. येशूजन्माच्या नाटकात चिरंजीवांना 'शेफर्ड नंबर थ्री' ही भूमिका मिळाली. एक वाक्य होतं, तेही तिघांनी मिळून म्हणायचं. मी ड्रेपरीवाल्या दादांना फोन केला, "बारा वर्षांच्या मुलाला मेंढपाळाचा ड्रेस हवाय." ते म्हणाले, "आहे ना ताई, एकदम ओरिजिनल." रंगीत तालमीच्या आदल्या संध्याकाळी हे कामावरून येताना गाठोडं घेऊन आले. सोडून बघते तर पांढरं धोतर, बंडी, लाल पटका, खरीखुरी काळी घोंगडी आणि कमरेइतकी काठी. पक्का धनगर! रात्रीचे नऊ, दुकान बंद.

सकाळी मी त्याच्याबरोबर शाळेत गेले, माफी मागायच्या तयारीने. बाकीचे दोन मेंढपाळ पट्ट्यापट्ट्यांचे गाऊन घालून, डोक्याला टॉवेल बांधून उभे होते. त्यांच्या शेजारी आमचा धोतरात. नाटक बसवणाऱ्या सिस्टर श्रीरामपूरकडच्या. तिकडे मराठी बोलणारी कॅथलिक गावं पुष्कळ आहेत, हरेगावची मतमाउलीची, म्हणजे मारियेची, यात्रा त्याच भागातली. मी इंग्रजीत वाक्य जुळवत होते तेवढ्यात त्या म्हणाल्या, "अहो ताई, आमच्याकडे मेंढरं राखणारा असाच असतो. राहू द्या त्याला." मग घोंगडी हातात घेऊन त्यांनी त्याच्या खांद्यावर नीट टाकली, एक टोक डोक्यावरून घेऊन. थंडीत माळावर घेतात तशी. बाकीच्या दोघांच्या टॉवेलकडे बघून विचारलं, "आणखी दोन मिळतील का हो?"

मिळाल्या. कॉन्सर्टच्या दिवशी तिघे धनगर देवदूतासमोर इंग्रजीत आश्चर्यचकित झाले. मागच्या रांगेतल्या आज्यांनी सगळ्यात जास्त टाळ्या त्यांनाच दिल्या.

तारखेबद्दल एक सूचना. कॉन्सर्ट आणि सवाई गंधर्व संगीत महोत्सव एकाच आठवड्यात येऊ शकतात. घरात कुणाचं सवाईचं सीझन तिकीट असेल तर नोव्हेंबरातच तह करून ठेवा. आमच्या सासऱ्यांनी नातवाचं एक वाक्य ऐकलं आणि मध्यंतराच्या आधी मुकुंदनगरला, सवाईला पसार झाले. रात्री उशिरा आल्यावर त्यांनी दोन्ही कार्यक्रमांचं परीक्षण एकाच दमात केलं, त्यात सातवीला सवाईपेक्षा माइक चांगला होता असं निघालं.

आणि फोटो. उभं राहून मोबाइल वर धरू नका. मागच्याचंही पोर मंचावर असतं.

गोठा

वर्गावर्गांत गोठ्याची स्पर्धा असते, क्रिब म्हणतात. येशूचा जन्म गोठ्यात झाला त्याचा देखावा. ही चाल १२२३ सालची. इटलीत ग्रेचो नावाच्या गावी असिसीच्या संत फ्रान्सिसने नाताळच्या रात्री गव्हाणी, बैल आणि गाढव आणून असा देखावा मांडला होता.

पुण्याच्या पोरांना ही स्पर्धा शिकवावी लागत नाही, कारण दिवाळीत किल्ला केलेला असतो. दगड, विटा, पोतं, माती, वर हळीव. गोठ्यालाही नेमकं तेच लागतं. आमच्या पार्किंगमागचा किल्ला डिसेंबरपर्यंत कुणी पाडला नव्हता. एका शनिवारी वर्गातले चौघे घमेलं घेऊन आले आणि तोरण्याची माती बेथलेहेमला घेऊन गेले. थर्माकोल आणू नका. महाराष्ट्रात २०१८ पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे आणि परीक्षक त्याचे मार्क कापतात. शहाळ्याची करवंटी, वाळलं गवत, आइस्क्रीमच्या काड्या, जुनी चटई एवढ्यात छान गोठा होतो.

हळिवाचं गणित नीट करा. दिवाळीत तीन-चार दिवसांत उगवतं. डिसेंबरच्या गारठ्यात एक-दोन दिवस जास्त धरा. परीक्षण सोमवारी असेल तर आधीच्या मंगळवारी पेरा. गोणपाट ओलं करून त्यावर, आणि दिवसा उन्हात, रात्री घरात. शनिवार-रविवार शाळा बंद, म्हणजे पाणी कोण घालणार? हे आधी ठरवा. आमच्या पोरांनी वॉचमन काकांना एक बाटली आणि दोन सूचना देऊन ठेवल्या होत्या. सोमवारी गोठ्याभोवती हिरवंगार, शेजारच्या वर्गाचं पिवळं पडलेलं.

मूर्ती मांडण्याची एक रीत आहे. गव्हाणीतलं बाळ सुरुवातीपासून ठेवत नाहीत. घरोघरी ते २४ च्या रात्री ठेवतात, शाळेत सुट्टीच्या आधीच्या कार्यक्रमात. तोवर गव्हाणी रिकामी. उंटावरचे तीन राजेही लगेच पोचत नाहीत. त्यांचा सण ६ जानेवारीला, म्हणून त्यांना लांब, कोपऱ्यात ठेवायचं. नव्या मुलांना हे ठाऊक नसतं आणि ती पहिल्याच दिवशी सगळ्यांची गर्दी करतात.

आमच्या वर्गाच्या गोठ्यात मिसना मारिया, योसेफ, बैल, गाढव आणि भाला घेतलेला एक मावळा सापडला. मातीबरोबर आला असावा. "हा कोण?" मिसनी विचारलं. मागून आवाज आला, "सिक्युरिटी, मिस." मिसनी त्याला काढला नाही. गोठ्याच्या मागच्या बाजूला, दगडाआड उभा केला.

घरी काही करायचं असेल तर दिवाळीचा चांदणीचा आकाशकंदील माळ्यावर टाकू नका. कॅम्पात, घोरपडीत, वानवडीत घराघरांवर चांदण्या लागतात त्या दिसायला तशाच. पोराला गॅलरीत लावायचाच असतो.

अभ्यास

फार लिहीत नाही. युनिट टेस्टचा पोर्शन दिवाळीनंतरच्या दोन-तीन धड्यांचा असतो आणि तो तालमीच्या गडबडीत शिकवलेला असतो. वह्या अपुऱ्या राहतात. तालमीला न गेलेल्या एका शहाण्या मित्राची वही शनिवारी घरी आणून उतरवून घ्या. फोटो काढून घेऊ नका, तो कुणी वाचत नाही. गणिताचा मात्र रोज एक तास, कॉन्सर्टच्या दिवशीसुद्धा. या महिन्यात क्लासला सुट्टी द्यावी असं माझं मत आहे. क्लासवाल्यांचं वेगळं असेल.

डबा आणि व्हॅन

तालमीच्या दिवशी दोन डबे. छोट्या सुट्टीत खाता येईल असं कोरडं काहीतरी, आणि जेवणाचा नेहमीचा. दशमी आणि शेंगदाण्याची चटणी दोन्हीला चालते. पाण्याच्या बाटल्या दोन.

व्हॅनवाल्या काकांना तालमीच्या तारखांचा कागद लिहून द्या, तोंडी सांगू नका. त्यांच्याकडे पाच शाळांची पोरं असतात. शाळा उशिरा सुटणार असेल त्या दिवशी कोण आणणार, हेही कालनिर्णयवर हवं. नाताळच्या आठवड्यात एमजी रोड आणि ईस्ट स्ट्रीटकडे गाडी घेऊन जाण्याच्या फंदात पडू नका. गाडी लावायला जागा शोधण्यात पोराचा नाच संपेल. स्वारगेटहून बस बरी.

सीक्रेट सांता आणि पेटी

शेवटच्या आठवड्यात वर्गात चिठ्ठ्या टाकून सीक्रेट सांता खेळतात. शाळेने रकमेची मर्यादा घातली असेल तर ती पाळा. शंभर म्हणजे शंभर. पाचशेचा पेन दिला की देणारा मोठा होत नाही, घेणाऱ्याची आई अडचणीत येते. चिठ्ठी कुणाची आली ते घरातही विचारू नका. चिरंजीवांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही आणि मी चार दिवस उगीच बेचैन.

वृद्धाश्रमासाठी किंवा अनाथाश्रमासाठी तांदूळ, डाळ, साबण गोळा करतात. यादीत असेल तेच द्या, नवीन द्या. घरातली अर्धी वापरलेली पावडर पाठवायची ही जागा नव्हे. सातवीच्या पोरांना ही पोती वर्गवारी करून भरायला लावतात, कुणी काय पाठवलंय ते त्यांना दिसतं आणि ती घरी येऊन सांगतात.

पंचवीस तारीख

वर्गातला कॅथलिक मित्र घरी बोलावतो. जरूर पाठवा, शक्य असेल तर तुम्हीही जा. सकाळी जाऊ नका. आदल्या रात्री मिस्सावरून येऊन घर उशिरा झोपलेलं असतं. संध्याकाळी पाचनंतर बरं. 'हॅपी ख्रिसमस' म्हणा किंवा 'नाताळच्या शुभेच्छा', दोन्ही गोड वाटतं. रिकाम्या हाताने जायचं नाही एवढं आपल्याला सांगायला नको. फळं किंवा घरचं काहीतरी. केक मात्र नेऊ नका, त्यांच्याकडे आधीच चार असतात.

समोर ताट येईल. गोव्याकडचं घर असेल तर कुलकुल, म्हणजे आपल्या शंकरपाळ्यांचे गुंडाळलेले मावसभाऊ. नेवऱ्या म्हणजे करंज्याच. दोदोल चिकट, गूळ-नारळाचं. नगरकडचं घर असेल तर सरळ करंज्या आणि शंकरपाळे, दिवाळी पुन्हा आल्यासारखी. शाकाहारी असाल तर आदल्या दिवशी फोनवरच सांगा. ऐन वेळी सांगितलं की मित्राच्या आईची धावपळ होते. प्लम केकमध्ये कधी कधी रममध्ये भिजवलेले मनुके असतात. पोरासाठी विचारून घ्या, कुणी रागावत नाही. आमच्या सासूबाईंनी विचारलं नाही, दोन तुकडे खाल्ले आणि "मसाला छान आहे" म्हणाल्या. आम्ही कुणी काही बोललो नाही.

निघताना डबा भरून देतातच. तो डबा लगेच परत करायचा नाही, रिकामा तर मुळीच नाही. आमच्याकडे तो फ्रीजवर उभा असतो चौदा जानेवारीपर्यंत, मग तिळाच्या वड्या आणि गुळाच्या पोळ्या घालून चिरंजीव दप्तरातून नेतात. झाकणाच्या आत नेलपॉलिशने त्यांचं आडनाव लिहिलेलं असतं. आधी ते बघून घ्या, कारण या महिन्यात घरात तसे तीन-चार डबे जमतात.